एसीचा आकडा बारा महिने एकच कसा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एसीचे तापमान २० अंशांच्या खाली आणि २८च्या वर नेता येणार नाही, असा नियम आणण्याचे केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी जून २०२५मध्ये जाहीर केले. तेव्हापासून या विषयावर दोनच सूर कानावर येतात. सरकार आता आमच्या झोपायच्या खोलीतही शिरणार का, हा एक. आणि २४ ठेवा, वीज वाचवा, हा दुसरा. पण कोणत्या गावात आणि कोणत्या महिन्यात, हे कोणीच विचारत नाही. मी नागपूरची, लेक डोंबिवलीत राहते. आमच्या दोघींच्या घरी एकाच महिन्यात एकच आकडा चालत नाही, हे फोनवर बोलता बोलता रोज कळते.

२४ हा आकडा आला कुठून तेही सांगते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमाप्रमाणे १ जानेवारी २०२०पासून स्टार लेबल असलेला घरगुती एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतो, पुढे आपण तो बदलू शकतो. एक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असे हाच ब्युरो सांगतो. नियम चांगलाच आहे. पण दुकानाचा माणूस येतो, एसी बसवतो, गार हवा येते हे दाखवायला रिमोट १८वर नेतो, आपल्याला हात पुढे धरायला लावतो आणि कागदावर सही घेऊन जातो. वेष्टनातूनसुद्धा न काढलेल्या त्या रिमोटवर पुढे कित्येक घरांत तो १८ तसाच राहतो. १८ ठेवले की खोली लवकर गार होते, ही समजूत तर घट्ट बसली आहे. साध्या एसीचा कॉम्प्रेसर १८ असो की २६, सुरू झाल्यावर सारख्याच जोराने चालतो. फरक इतकाच की १८वर तो थांबायचे नाव घेत नाही.

आमच्याकडे मे महिन्याच्या शेवटी नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस असतात. बाहेर ४५ अंश. आत २० ठेवले तर आतबाहेर २५ अंशांचा फरक, २७ ठेवले तर १८चा. या फरकाच्याच प्रमाणात उष्णता भिंतींतून आणि खिडक्यांतून आत येत राहते, आणि आलेली प्रत्येक कणभर उष्णता एसीला पुन्हा बाहेर काढावी लागते. त्यात वरच्या मजल्यावरचे घर असेल तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत खाली ऊब सोडत राहतो. म्हणजे ज्या दिवसांत आकडा खाली न्यायचा मोह सर्वांत जास्त, त्याच दिवसांत तो खाली नेणे सर्वांत महाग पडते. पण विदर्भातल्या उन्हाळ्याची एक मेहेरबानी आहे, हवा कोरडी असते. दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास, कधी त्याखालीही जाते. घाम लगेच वाळतो. त्यामुळे २७ किंवा २८वर एसी आणि वर पंखा, एवढ्यावर माणूस सुखाने झोपतो. साध्या पंख्याला सत्तर-पंचाहत्तर वॅट लागतात, नव्या बीएलडीसी पंख्याला तीसच्या आसपास. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात असताना दीड हजार वॅटच्या घरात जातो. वाऱ्याची झुळूक दोन-तीन अंश गारवा देत असेल तर तो गारवा कोणाकडून घ्यायचा, हे सांगायला नको.

खरे तर मेपर्यंत आमच्याकडे कूलर पुरतो. वाळ्याच्या ताट्या ओल्या केल्या की दोनशे वॅटच्या आसपास सगळे भागते. मात्र काही घरांत मी कूलर आणि एसी एकाच खोलीत एकदम चालू पाहिले आहेत. एकाने हवेत पाणी घालायचे, दुसऱ्याने तेच पाणी काढून नळीवाटे बाहेर टाकायचे आणि दोघांचे बिल आपण भरायचे!

डोंबिवलीचे दुखणे वेगळे. तिथे मे महिन्यातही पारा आमच्याइतका चढत नाही, पण घामाच्या धारा थांबत नाहीत. जुलैत तर बाहेर २८ अंश असताना घरात जीव नकोसा होतो, कारण आर्द्रता ऐंशीच्या पुढे असते. अशा वेळी लेकीला मी माझा २८चा मंत्र दिला तर ती चिडते, आणि तिचे बरोबर आहे. एसी दोन कामे करतो, हवा गार करतो आणि तिच्यातला ओलावा काढतो. बाहेर आणि आत जवळपास सारखेच तापमान असले की २८वर कॉम्प्रेसर फारसा चालतच नाही, मग ओलावा काढणार कोण? खोली कोमट आणि चिकट राहते, गादीलाही कुबट वास येतो. वैतागून लोक २०वर जातात. ओलावा जातो, पण अंगावर काटा येतो, खिडकीच्या काचेला बाहेरून पाणी सुटते आणि पांघरूण घेऊन झोपायची वेळ येते. याचे उत्तर रिमोटवरच असते, ते म्हणजे पाण्याच्या थेंबाचे चित्र असलेली ड्राय मोडची सोय. पंखा मंद ठेवून, कॉम्प्रेसर अधूनमधून चालवून ती मुख्यतः ओलावा काढते. पावसाळ्यात २५-२६ आणि हा थेंब, असे लेकीच्या घरी ठरले आहे. बाहेरच्या नळीखाली ठेवलेली बादली किती भरते ते पाहिले की एसी नेमके कोणते काम करतो आहे ते समजते.

रात्रीचे अजून एक. झोप लागल्यावर आणि विशेषतः पहाटे शरीराचे तापमान थोडे उतरते, म्हणून रात्री अकराला सुखाचे वाटणारे तापमान चारला बोचते. दुलई, चादर, पातळ सोलापुरी असे पांघरूण आपण ऋतूप्रमाणे बदलतोच ना, मग रिमोटलाच काय धाड भरली आहे? स्लीप मोड तासाभराने आकडा आपोआप अंशभर वर नेतो. तो लावायला काही पैसे पडत नाहीत.

मात्र घरात तान्हे मूल किंवा आजारी, म्हातारे माणूस असेल आणि उष्णतेची लाट असेल, तर बिलाचा हिशेब बाजूला ठेवावा. उष्माघाताशी काटकसर करायची नसते.

तापमान ठरवणारा एसी एकटाच नाही, हे आपण विसरतो. फ्रिजच्या आत दिव्यापाशी, कोथिंबिरीच्या डब्यामागे एक चकती असते. तिच्यावरचे आकडे अंशांचे नसतात. बहुतेक साध्या फ्रिजमध्ये आकडा मोठा तितके गार. उन्हाळ्यात दही आंबू नये म्हणून चकती पाच-सहावर नेली जाते आणि डिसेंबरातही तिथेच राहते. डीप फ्रीझरमध्ये बोटभर बर्फ साचला तरी कोणाचे लक्ष जात नाही. फ्रिज चोवीस तास चालणारे यंत्र आहे, थंडीत दोन घरे मागे घेतली तरी आतले तीन-चार अंश टिकतात.

गिझरचे तर विचारूच नका. साठवणीच्या गिझरमध्ये पाणी साठ अंशांच्या पुढे तापवायचे, मग त्यात तितकेच गार पाणी ओतून अंगावर चाळिसाच्या आसपासचे घ्यायचे, असा हा उद्योग आहे. पंधरा लिटर पाणी वीसवरून साठवर न्यायला सुमारे पाऊण युनिट लागते. डिसेंबरात ते समजण्यासारखे आहे, तेव्हा नागपुरात रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरतो. पण एप्रिलात गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारे पाणीच हात भाजेल असे असते, आणि गिझर सवयीने तरीही चालू! थर्मोस्टॅट पन्नास-पंचावन्नला आणला तर पुरतो. त्याखाली मात्र नेऊ नये, कोमट साठवलेल्या पाण्यात जंतू वाढण्याची भीती असते. काही गिझरना बाहेर चकती असते, काहींचे झाकण उघडावे लागते. ते काम मेन स्विच बंद करून वायरमनकडूनच करून घ्यावे.

एवढा आटापिटा कशाला, असे म्हणणाऱ्यांनी महावितरणचे बिल उलटून पाहावे. घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतात, पहिल्या शंभर युनिटांपेक्षा पुढच्या टप्प्याचा दर जवळपास दुप्पट आहे. मे महिन्यात एसीला दोनशे युनिट लागत असतील आणि २२ऐवजी २६ ठेवले, तर ब्युरोच्या सहा टक्क्यांच्या हिशेबाने चाळीसेक युनिट कमी होतात. हे चाळीस युनिट बिलाच्या वरच्या टोकातून, म्हणजे सर्वांत महागड्या टप्प्यातून वजा होतात. मेची बचत म्हणून फेब्रुवारीपेक्षा घसघशीत.

तेव्हा २० की २४ या वादात मला फारसा रस नाही. २०ची मर्यादा आली तर मॉलमध्ये आणि थिएटरात शाल न्यावी लागणार नाही, एवढा फायदा नक्की! घरातल्या विजेचा प्रश्न मात्र त्या एका आकड्याने सुटणार नाही. एसी विकणाऱ्यांनी त्यासोबत मराठीत एक कार्ड द्यावे, ज्यावर कोरडा उन्हाळा, दमट उन्हाळा, पावसाळा आणि थंडी अशा चार ओळी असतील. बसवायला येणाऱ्या माणसाने सही घेण्याआधी ड्राय आणि स्लीपची बटणे दाखवावीत. पाच मिनिटांचे काम आहे.

आणि एक विनंती खुद्द आपल्याला. वृत्तपत्रांच्या हवामानाच्या चौकटीत शहरांचे कमाल आणि किमान तापमान ठळक दिलेले असते. हवामान विभाग सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचची आर्द्रताही रोज नोंदवतो. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत तेवढा एक रकाना आपण वाढवावा. नागपूरचे ४४ आणि ठाण्याचे ३५ यांच्या शेजारी तोही आकडा दिसला, तर रिमोट हातात घेण्याआधी आम्हा वाचकांना तो उपयोगी पडेल.

आपली एक वाचक,
नागपूर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)