हॉलमधला टीव्ही आणि आतला मोबाईल

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाणेरहून सहकारनगरला पत्र टाकणारी माणसं आता फारशी उरली नसावीत. पाकीट हातात पडल्यावर बाबा आधी तिकीट किती रुपयांचं लावलंय ते बघणार, हेही मला माहीत आहे. पण हे फोनवर होत नाही. मी एखाद्या सिनेमाचं नाव सांगितलं की आई "हो हो, बघते गं" म्हणते आणि पुढच्याच श्वासात "डबा नेलास का?" विचारते. बाबा लांबूनच "कुठल्या चॅनलला?" असं ओरडतात आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत. म्हणून कागदावर लिहिते आहे. फ्रिजवर लावा.

तुमच्याकडे संध्याकाळी सातनंतर आलं की मला एका घरात दोन घरं दिसतात. हॉलमध्ये बाबांसमोर सहा चौकटींतली सहा माणसं एकाच वेळी भांडत असतात. आतल्या खोलीत आई एका कानात इअरफोन घालून मोबाईलवर मालिका बघत असते, आणि त्या मालिकेत दिवाळीपासून एकच लग्न मोडतंय. साडेआठला जेवणापुरता तह, की परत आपापल्या आघाडीवर. आई, मालिका सोड असं मी म्हणत नाहीये. बाबा, बातम्याही बघा. पण "हल्ली बघण्यासारखं काही राहिलंच नाही" हे जे तुम्ही ठोकून देता ना, ते मला मान्य नाही. तेव्हा ही यादी. निवडताना मी एकच अट ठेवली: दोघांनी हॉलमध्येच बसून बघायचं, आणि बघून झाल्यावर तुमच्यात वाद व्हायला हवा.

सुरुवात बाबांच्या मैदानावर. 'स्कॅम १९९२', सोनी लिव्हवर आहे, दहा भाग. हन्सल मेहतांचं दिग्दर्शन, शेअर दलाल हर्षद मेहता झालाय प्रतीक गांधी. तुम्ही म्हणाल, त्या प्रकरणात आता नवीन काय? नवीन असं की बँकेत जन्म घालवलेला माणूस शेजारी बसला असेल तर ही मालिका दुप्पट रंगते. आम्ही बघत होतो तेव्हा रेडी फॉरवर्ड म्हणजे काय हे कळायला मला दोनदा मागे जावं लागलं. तुम्ही आईला एका वाक्यात सांगाल. एका बँकेला चार दिवसांपुरते पैसे हवेत, ती दुसरीला सरकारी रोखे विकते आणि ठरल्या दिवशी थोड्या चढ्या भावाने परत घेते. रोखे जागचे हलत नाहीत, हलते ती नुसती बँक रिसीट, आणि मध्ये दलाल. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की पावती हातात असली म्हणजे झालं, तिच्यामागे रोखे आहेत की नाहीत हे बघतोय कोण! तो पैसा शेअर बाजारात गेला आणि एसीसीचा शेअर दोनशेच्या आसपासचा नऊ हजारांच्या घरात पोचला. पत्रकार सुचेता दलाल यांची बातमी २३ एप्रिल १९९२ ला छापून आली. ती बातमी कशी मिळाली, कशी पडताळली, छापायला कोण कचरत होतं, हा भाग मला हर्षदच्या गाड्यांपेक्षा जास्त आवडला.

आईला यात काय? आईला ऑफिसातल्या कुलकर्णी काकांच्या सांगण्यावरून बाबांनी घेतलेले ते शेअर आठवणार आहेत. त्या विषयावर तिचं अजून बोलून झालेलं नाही. बाबा, तयारीने बसा. (शिव्या आहेत, आई. भरपूर आहेत. पहिल्या भागानंतर कान सरावतात.)

'पंचायत'बद्दल फार सांगत नाही, कारण शेजारच्यांनी सांगून सांगून तुमच्या मनातून ती उतरवलीय. तरी बघा, प्राइम व्हिडिओवर आहे. शहरातला इंजिनिअर उत्तर प्रदेशातल्या फुलेरा गावी ग्रामपंचायतीचा सचिव म्हणून जातो. बाबांना त्यांची मराठवाड्यातली पहिली शाखा आठवेल, तो एकच पंखा आणि टेबलाखाली निवांत बसलेलं कुत्रं. कागदोपत्री प्रधान, म्हणजे सरपंच, नीना गुप्ता, कारभार बघतो नवरा रघुवीर यादव. यावर आई जे बोलेल ते ऐकायला मला तिथे असायचंय. पहिले दोन सीझन सलग बघा. पुढे राजकारण वाढत जातं आणि मजा थोडी पातळ होते, असं माझं मत.

आता गीतांजली कुलकर्णी. या एका बाईसाठी दोन गोष्टी बघायच्या. आधी 'गुल्लक', तीही सोनी लिव्हवर. उत्तर भारतातल्या छोट्या गावातलं मिश्रा कुटुंब, आणि गोष्ट कोण सांगतं, तर घरातला पैसे साठवायचा गल्ला. शांती मिश्रा म्हणजे गीतांजली. ती हिंदी बोलते, पण स्वयंपाकघरातून बाहेर न येता घरातल्या सगळ्यांना जाग्यावर बसवायची तिची पद्धत बघ आई, आणि मग मला सांग की तू ती कुठे बघितली आहेस. मी नाव घेणार नाही.

आणि मग लगेच, चव जिभेवर आहे तोवर, 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणेचा हा सिनेमा २०१४ मध्ये व्हेनिसला गाजला, पुढच्या वर्षी आपल्याकडे लागला. एका म्हाताऱ्या शाहिरावर खटला, आरोप असा की त्याचं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. तीच शांती मिश्रा इथे सरकारी वकील आहे. कोर्टात ती कलमांमागून कलमं एका सुरात वाचत जाते, आणि कोर्ट सुटलं की लोकलमध्ये मैत्रिणीशी गप्पा, घरी जाऊन कुकर. वाईट बाई मुळीच नाही. तुमच्या-माझ्या ओळखीतली आहे, आणि सिनेमा तिथेच बोचतो. कॅमेरा एका जागी ठेवून माणसं लांबून दाखवलीत, त्यामुळे "अहो, काही घडत का नाहीये?" असं पहिल्या अर्ध्या तासात आई म्हणणार. पण बाबांनी वसुलीच्या दाव्यांसाठी कोर्टाच्या बाकावर किती दिवस घालवलेत! "पुढची तारीख" ऐकल्यावर तिथल्या माणसांचे चेहरे कसे होतात, ते त्यांना यात जसंच्या तसं दिसेल.

ताम्हाणेचाच 'द डिसायपल' आईसाठी. नेटफ्लिक्स, २०२०, नाव इंग्रजी असलं तरी सिनेमा मराठी. ख्याल गायकी शिकणारा एक मुलगा. तो रियाझ करतो, गुरूची सेवा करतो, सगळं शिस्तीत करतो, आणि तरी गाणं त्याला हवं तसं वश होत नाही. रात्री मुंबईच्या मोकळ्या रस्त्यांवरून तो मोटारसायकलवर संथ जात असतो आणि कानात एका थोर गायिकेची जुनी व्याख्यानं चालू असतात. ही माई आपल्याला कधीच दिसत नाही, फक्त ऐकू येते. तो आवाज कुणाचा माहितीये? दिग्दर्शिका सुमित्रा भाव्यांचा. दरवर्षी सवाईला मुकुंदनगरात गादीवर बसून "आजच्या मुलांचा षड्ज लागत नाही" म्हणणाऱ्या सगळ्यांनी हा सिनेमा बघावा. मी कुणाबद्दल बोलतेय ते सुज्ञांस सांगणे न लगे.

तो फार कडू वाटला तर उतारा म्हणून 'मी वसंतराव', २०२२ चा, निपुण धर्माधिकारीने केलेला. राहुल देशपांडे आपल्याच आजोबांची भूमिका करतो आणि गातो. लष्कराच्या हिशेब खात्यातली नोकरी सांभाळत गाणारा माणूस, आणि एकटीने त्याला वाढवणारी आई. अनिता दातेने ती आई अशी केलीय की माझ्या डोक्यात वसंतरावांच्या आधी तीच येते. बाबा, तुम्ही 'कट्यार' नाटकात खुद्द वसंतरावांना खाँसाहेब म्हणून ऐकलंय, तेव्हा तुम्ही नाक मुरडणारच. मुरडा, पण पूर्ण बघून.

'लंचबॉक्स' (२०१३) तुम्ही बघितला असेल असं मी धरून चालले होते, पण परवा आई म्हणाली की तो डबेवाल्यांवरचा माहितीपट आहे. नाही गं! डबा चुकीच्या माणसाकडे जातो आणि त्यातून चिठ्ठ्या सुरू होतात. इरफानसाठी तर बघाच, पण वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटीकडे लक्ष ठेवा. खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडून ती मसाले पाठवते, आणि ती पडद्यावर एकदाही येत नाही. तिचा नवरा वर्षानुवर्षं बेशुद्ध पडलाय, त्याची नजर छताच्या पंख्यावर, म्हणून बाई पंखा बंद होऊ देत नाही. चालू पंखा पुसते! हे सगळं आपल्याला नुसतं आवाजातून कळतं. आवाज भारती आचरेकरांचा, 'वागळे की दुनिया'तल्या राधिकाचा. तुम्ही पहिल्या वाक्याला ओळखाल.

जुन्यातलं तुम्हाला मी काय सांगणार. तरी दोन. एक 'सिंहासन', १९७९. नऊच्या चर्चेऐवजी एका रात्री हा लावा. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, डॉ. लागू अर्थमंत्री, आणि सगळ्यांच्या मधून फिरणारा पत्रकार दिगू म्हणजे निळू फुले. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी पटकथा केली, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. नंतर परत चर्चेचा चॅनल लावून बघा, कोण कोणाची नक्कल करतंय ते कळेल.

दुसरा प्रभातचा 'संत तुकाराम', १९३६. लॉ कॉलेज रोडवर आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथेच प्रभातचा स्टुडिओ होता. आजीबरोबर तू तो लहानपणी बघितलास, आई, पण तेव्हा तुझं लक्ष विमानाकडे होतं. आता जिजाईकडे बघ. घरात दाणा नाही, नवरा विठ्ठलात बुडालेला, आणि ही त्या काळ्याला मनसोक्त शिव्या घालतेय. चमत्कारांपेक्षा ती भारी आहे. आणि बाबा पूजेनंतर जे 'आधी बीज एकले' गुणगुणतात ना, ते तुकोबांचं नाही. शांताराम आठवल्यांनी या सिनेमासाठी लिहिलं. गाथेत शोधू नका, मिळणार नाही.

एक सिनेमा मी मुद्दाम मागे ठेवलाय. 'अस्तु'. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, सगळा आपल्या पुण्यातला. मोहन आगाशे निवृत्त संस्कृत पंडित झालेत आणि त्यांची स्मृती जात चाललीय. मुलगी गाडीत बसवून क्षणभर बाजूला जाते, तेवढ्यात त्यांना रस्त्यावर हत्ती दिसतो आणि ते लहान मुलासारखे त्याच्यामागे चालू लागतात. पुढे त्यांना सांभाळते माहुताची बायको, अमृता सुभाष. तिची भाषा कानडी, पण आपलं कुठे अडत नाही. नेमकं काय करायचं हे या अशिक्षित बाईला कळतं आणि शिकलेली मुलगी शहरभर शोधत फिरते. आई, तू हा रात्री लावू नकोस. शेवटी शेवटी आजोबा तुला ओटीवर बसवून "बाई, तुम्ही कुणाच्या?" असं विचारायचे, आणि तू "मी इथलीच" म्हणून त्यांच्या ताटात भात कालवायचीस. मी दारात उभी असायचे. हा सिनेमा दुपारी बघा, चहाच्या आधी, आणि नको वाटला तर बंद करा. पण बघितलात तर मला बरं वाटेल. या विषयावर आपण तिघं कधी बोललोच नाही, आणि मला बोलायचंय.

आता यंत्राचं. रिमोटवर आकडे नाहीत ही बाबांची तक्रार रास्त आहे, पण मधल्या गोल बटणावर सगळं चालतं. मागच्या खेपेला मी सबटायटलची अक्षरं मोठी करून ठेवलीत. संवाद ऐकू येत नाहीत आणि संगीत कान फोडतं, तेव्हा आवाज वाढवू नका. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये बोलणं स्पष्ट करायचा पर्याय आहे, वॉचमनचा मुलगा एका मिनिटात लावून देईल. एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होतो, तेही मी बंद केलंय, नाहीतर बाबा डुलकी काढून उठतील तेव्हा फुलेरात निवडणूक झालेली असेल. सिनेमे या ॲपवरून त्या ॲपवर जात असतात, तेव्हा एखादा सापडला नाही तर मला फोन करा, गल्लीतल्या केबलवाल्याला नको.

शनिवारी मी येते. तेव्हा आपण मिळून एक जपानी सिनेमा बघू, 'टोकियो स्टोरी', १९५३ चा, ओझूचा. लांबच्या गावाहून म्हातारे आई-वडील शहरातल्या मुलांकडे येतात, मुलांना वेळ नसतो, म्हणून ती वर्गणी काढून त्यांना गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी पाठवून देतात, आणि तिथे शेजारच्या खोल्यांतल्या गोंगाटाने दोघांना रात्रभर झोप येत नाही. यातल्या मुलीचं सलून आहे आणि ती सतत घाईत असते. बाबा माझ्याकडे बघणार, हे मी आत्ताच लिहून ठेवते. बघा, पण बोलू नका.

बाकी जे बघाल त्याबद्दल मला फोनवर सविस्तर सांगा. आवडलं नाही तर का नाही, तेही. व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा चालणार नाही.

तुमची,
मनू

ता. क. इअरफोनची जोडी मी शनिवारी घेऊन जाणार आहे. शोधत बसू नकोस, आई.