हक्कसोडीचा कागद सापडला म्हणून

प्रिय भो,

तुझा मेसेज दोनदा वाचला. व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठ्याने उत्तर देण्याची ही गोष्टच नाही म्हणून पत्र लिहितोय, अक्षर लावून घे.

तुझ्या वडलांच्या, नानांच्या पेटीत आत्याचं हक्कसोडपत्र निघालं, मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाएवढा हक्क देणारी २००५ ची दुरुस्ती आली त्यानंतर लगेच केलेलं, आणि त्याच्यासोबत आत्याच्या यजमानांची चिठ्ठी, की सही नाही केली तर माहेर बंद असं तुम्ही बोललात म्हणून ही दोन दिवस जेवलेली नाही. आणि आपण लहानपणापासून ऐकत आलो की आत्याने राजीखुशीने सोडलं. तुझं म्हणणं, नाना देवमाणूस आहेत या समजुतीवर माझं सगळं प्रेम उभं होतं, तीच खोटी निघाली तर आता उरलंय ते काय, नुसती सवय? आणि मग तू नेहमीसारखा तत्त्वज्ञानात वर चढलास, की माणसाने खोट्या समजुती सगळ्या टाकल्या तर ना प्रेम टिकेल ना द्वेष.

हे अर्धं तुझं आणि अर्धं स्पिनोझा या तत्त्ववेत्त्याचं, कळतं मला. (अमळनेरला प्रताप शेठनी १९१६ साली काढलेलं तत्त्वज्ञान मंदिर आपण कॉलेजच्या दिवसांत बाहेरूनच बघायचो आणि शेवभाजी खायला सटकायचो, तरी बघ काहीतरी चिकटलंच.) भिंगं घासून पोट भरणारा तो माणूस म्हणायचा की प्रेम म्हणजे आनंद अधिक 'हा याच्यामुळे' हा विचार, द्वेष म्हणजे दुःख अधिक तोच विचार, तो विचार सोडवून बाजूला काढला की दोन्ही गळून पडतात. आणि समोरच्याने हे अगदी स्वतःच्या मर्जीने केलं असं वाटलं की द्वेष जास्तच पेटतो, कारण त्याच्यामागची कारणं आपल्याला दिसत नाहीत. कागदावर एकदम पटतं रे. आमच्या घरात मात्र उलटंच झालं, ते सांगतो.

आमची केळीची मृगबाग पिवळी पडली ते वर्ष तुला आठवत असेल. श्रावणातलं ढगाळ वातावरण, रोज भुरभुर पाऊस, आणि कोवळ्या पानांवर पिवळ्या रेघा, मग मधला पोंगाच सडायला लागला. आजी ओट्यावर बसून एकच म्हणायची, "त्यासनीच करनी कयी." त्यासनी म्हणजे काका. आईने काकूशी बोलणं टाकलं, कानबाईच्या रोटांच्या सणालाही एकमेकांकडे गेले नाहीत. मग कृषीवाले साहेब आले, पान उन्हात धरून उलटंपालटं केलं आणि म्हणाले सीएमव्ही व्हायरस आहे, मावा पसरवतो, रोगट झाडं उपटून गाडून टाका. नंतर बांधाकडे बोट दाखवून विचारलं, हे काकडीचे वेल कोणी लावले? आता काकडीवर हाच व्हायरस राहतो आणि वेल लावले होते आजीने, स्वतःच्या हाताने! वडलांनी रांगच्या रांग उपटली, आजी बघत होती, एक शब्द बोलली नाही.

करणी खोटी ठरली, अगदी आजीसुद्धा मान्य करून गेली. द्वेष गेला का? पंधरा दिवस घर शांत होतं, मग म्हणे काकाने बांध कोरला, मग म्हणे मोटारीची वायर त्यानेच कापली. म्हणजे द्वेष आधीचा होता, करणी नंतर बोलावलेली. सातपुड्यात बाईला डाकीण ठरवतात तिथेही खणलं की बऱ्याचदा खाली तिच्या जमिनीचा नाहीतर जुन्या भांडणाचा धागा निघतो, २०१३ च्या जादूटोणा कायद्याने डाकीण म्हणणं गुन्हा झालं तरी जमिनीवरचा डोळा थोडाच जातो. आमच्याकडे खरं कारण होतं विहीर. वाटणीत ती काकाकडे गेली, आणि ते काही खोटं नाही, खरंच अन्याय झाला होता. पण करणी मधून गेल्यावर निदान विहिरीचं नाव निघायला लागलं. करणी करणाऱ्या माणसाशी काय बोलणार, पण विहीरवाल्याशी पाण्याच्या पाळीवर भांडता येतं, आणि आता तेच चाललंय, भांडण आहे पण माणसाशी आहे.

म्हणून मला वाटतं खोटी समजूत काढली की भावना मरत नाही, ती नेमकी कशाबद्दल होती ते उघडं पडतं. नानांचं तसंच बघ. देवमाणूस गेला, जाऊ दे. पण तुला टायफॉइड झाला तेव्हा रात्रभर उशाशी बसून कपाळावरच्या पट्ट्या बदलणारा माणूस खोटा नव्हता, आणि चिठ्ठीतला माणूसपण खोटा नाही. तू हादरलायस ते वेगळ्याच गोष्टीने, तू लिहिलं नाहीस पण मला दिसतंय. तुझी इंजिनिअरिंगची फी त्याच वावरातल्या केळीतून गेली.

आणि आत्याचा विचार केलास का? तिला तर पहिल्या दिवसापासून सगळं माहिती होतं, तिच्याकडे सोडायला खोटी समजूतच नव्हती. तरी दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली, नानांच्या शेवटच्या दुखण्यात पंधरा दिवस राहिली, मी विचारलं तर म्हणाली, "भाऊ शे ना तो." आता हे प्रेम की माहेर तुटायची भीती, मला ठरवता येत नाही, तूपण पुण्यात बसून ठरवू नको. तिलाच विचार. कदाचित ती चिडेल, चिडू दे, इतकी वर्षं कोणी तिला चिडायला जागा दिली नाही.

आखाजीला ये, ती येणारच आहे. त्या कागदाची झेरॉक्स आणि ताजा सातबारा सोबत घे. तिचा हिस्सा परत द्यायचा असेल तर बक्षीसपत्र करता येतं, वकील माझ्या ओळखीचा आहे, पण आधी वहिनीशी बोल, नाहीतर आमच्या विहिरीसारखं तुमच्याकडे नवीन सुरू व्हायचं.

तुझाच,
भो