हार्डडिस्क गेली, विंडोज नाही

शहापूर, बेळगाव
मार्गशीर्ष

प्रिय गड्या,

तुझा फोन आला तेव्हा मी ऑफसेटवाल्याकडं प्रूफ घेऊन उभा होतो आणि मागं मशीन धडधडत होतं. म्हणून 'पत्रच लिहितो' म्हटलं, तर तू हसलास. हस बाबा. पण हे सगळं फोनवर सांगितलं असतं तर तू निम्मं ऐकलं असतंस आणि वहिनींना त्यातलंही निम्मंच सांगितलं असतंस.

तुझा प्रश्न एवढाच की, वहिनींचा लॅपटॉप बंद पडलाय आणि दुकानदार नव्या हार्डडिस्कबरोबर विंडोजचेही पैसे मागतोय, ते द्यायचे का? उत्तर आधीच देऊन टाकतो, बाकीचं सावकाश वाच. वहिनींच्या लॅपटॉपची हार्डडिस्क खरंच गेली असेल तर नवी घ्यावी लागेल, त्याला इलाज नाही. पण विंडोज परत विकत घ्यायचं काही कारण नाही. दुकानदारानं डिस्कच्या खाली 'विंडोज ओरिजनल' म्हणून जी वेगळी रक्कम लिहिलीय, ती काढायला सांग. लॅपटॉप घेतला तेव्हाच विंडोजचे पैसे त्या किमतीत गेलेत, आणि ते लायसन्स काही डिस्कबरोबर मरत नाही.

एवढं ठामपणे सांगतोय, कारण तुळशीचं लग्न होऊन पत्रिकांची गर्दी सुरू झाली आणि नेमकी तेव्हाच माझ्या लॅपटॉपनं मान टाकली. तुला माहितीय, माझा सगळा धंदा त्या एका डबड्यावर. लग्नपत्रिका, वास्तुशांती, बारशाची कार्डं, आणि २०२४ मध्ये पाटीवर साठ टक्के कन्नड हवं असा कायदा झाल्यापासून दुकानांचे बोर्ड. आधी काही दिवस तो नुसताच रेंगाळत होता. पत्रिकेची फाईल उघडायला लावली की मी चहा पिऊन यायचो. टास्क मॅनेजरमध्ये (कॉम्प्युटरचा कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारी खिडकी) बघावं तर डिस्क कायम शंभर टक्के. मग एका सकाळी आवाज आला. खट्, थोडं थांबून खट्, परत खट्. आमच्या वडगावात माग चालू असताना धोटा अडकला की विणकर दुसऱ्या खोलीतून कान देऊन ओळखतो, तसं मला बघायचीही गरज पडली नाही.

तो आवाज कशाचा, ते ऐकून ठेव. लॅपटॉपच्या साध्या हार्डडिस्कमधली तबकडी मिनिटाला ५४०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला नव्वद. तिच्यावरून वाचणारं डोकं तबकडीला न टेकता, केसापेक्षा हजारो पटींनी कमी अंतर राखून हवेवर तरंगत असतं. आपण कुठं आहोत हे त्याला तबकडीवरच्या खुणांवरून कळतं. खुणा सापडल्या नाहीत की ते मागं कडेला जातं आणि परत प्रयत्न करतं. ते मागं जाणं म्हणजेच तो 'खट्'. डोकंच बिघडलं असेल तर दर फेरीला तबकडीवर ओरखडा पडू शकतो. म्हणून वहिनींना पहिलं हे सांग की, 'बघू या परत चालू होतोय का' म्हणून सारखं बटण दाबायचं नाही. आणि चेकडिस्क तर अजिबात चालवायचं नाही. ते विंडोजमधलं साधन डिस्कवरच्या फाईलींची मांडणी नीट करायला असतं; मरायला टेकलेल्या डिस्कवर ते चालवलं तर आधीच थकलेल्या तबकडीवर उलट जास्त वाचन-लेखन होतं.

मी लॅपटॉप बंद केला आणि काखेत मारून दुकानात गेलो. सुवर्णसौधात विधिमंडळाचं अधिवेशन चालू, चौकाचौकात पोलीस, गणपत गल्लीत गाडी लावायला जागा नाही. दुकानातल्या पोरानं कान लावला आणि म्हणाला, "होगैत्री सर, हार्डडिस्क होगैती." म्हणजे गेली. इथपर्यंत बरोबर होतं. मग त्यानं कागदावर हिशेब मांडला. डिस्क, डाटा काढायचे वेगळे, आणि विंडोज टेन प्रो, 'लाईफटाइम', त्याचे वेगळे. होम आणि प्रो या विंडोजच्या दोन वेगळ्या आवृत्त्या. मी म्हटलं, माझ्याकडं होम आहे, प्रो कशाला? तर म्हणे, "प्रो भारी असतंय की सर." इथंच खरी मेख आहे. तुझ्या यंत्राचं लायसन्स होमचं आणि वर बसवलं प्रो, तर ते कधीच आपणहून अॅक्टिव्हेट होत नाही, म्हणजे लायसन्स आहे असं विंडोज मानत नाही. मग क्रॅक, म्हणजे लायसन्सला चकवणारा चोरटा प्रोग्रॅम, मारावा लागतो. क्रॅक चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद करून ठेवायचा. आणि पुढं केव्हातरी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात 'अॅक्टिव्हेट विंडोज' उमटलं की गिऱ्हाईक परत दुकानात. पोराला दोष देत नाही, त्याला शिकवलंच तसं असतं. मी फक्त एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवाली डिस्क) घेतली आणि जुनी डिस्क घालून बाहेरून जोडायला एक यूएसबी केसिंग घेतलं.

आता डाटा. हा भाग मी जरा लांबवणार, कारण पैसे टाकून जे परत मिळत नाही ते हेच. नवी डिस्क बाजारात ढिगानं मिळते, पण तेवीस तारखेच्या लग्नाची मंजूर झालेली पत्रिका कुठल्या बाजारात मिळणार? पुतण्याच्या कॉम्प्युटरवर लिनक्सचा (विंडोजऐवजी चालणारी फुकटची प्रणाली) पेनड्राइव्ह बनवला आणि डीडीरेस्क्यू नावाचा फुकटचा प्रोग्रॅम लावला. त्याची अक्कल अशी की, तो खराब जागेवर डोकं आपटत बसत नाही. जे सहज वाचता येतं ते आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतो, अडलेलं बाजूला ठेवतो आणि शेवटी त्या तुकड्यांकडं वळतो. शिवाय कुठपर्यंत आलो याची नोंद एका फाईलीत लिहीत जातो. आमच्याकडं लाईन दुरुस्तीला म्हणून भरदिवसा लाईट गेली, पुतण्याचा कॉम्प्युटर बंद पडला. लाईट आल्यावर तीच आज्ञा परत दिली आणि त्यानं अडलं होतं तिथूनच काम पुढं चालू केलं. रात्रभर घरात अधूनमधून खट् खट्. आई म्हणाली, "उंदीर शिरलाय वाटतं." सकाळपर्यंत बहुतेक सगळं आलं होतं. काही जुने फोटो गेले, पत्रिका वाचल्या.

हे जमतं ते डिस्क थोडीतरी श्वास घेत असेल तर. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा यंत्राच्या सेटिंग्जचा पडदा) डिस्कचं नावच दिसत नसेल, तर घरचे प्रयोग सोडून द्यायचे आणि वहिनींचा डाटा तेवढा मोलाचा असेल तर डाटा रिकव्हरीच्या लॅबकडं जायचं. ते महाग पडतं. फ्रीजमध्ये डिस्क ठेवायचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लाव. आत बाष्प धरलं की उरलंसुरलंही जातं.

डिस्क बदलणं मात्र पोरखेळ आहे. खालचे स्क्रू काढले, एक जुनं कार्ड फटीत घालून झाकण उचकटलं, तर आतून काय पडावं? गुलाबी अक्षता! वर्षानुवर्षं पत्रिकेच्या पाकिटात अक्षता भरतोय, त्यातल्या चारदोन कीबोर्डमधून आत जाऊन पंख्यापाशी बसल्या होत्या. ब्रशनं झाडल्या. मग आधी बॅटरीचं कनेक्शन सोडवलं. जुनी डिस्क पत्र्याच्या चौकटीत चार स्क्रूंनी बसवलेली असते. ती चौकट काढून नव्या एसएसडीला लावायची, नाहीतर ती आत डुगडुगते. बस्स. वहिनींच्या यंत्रात अडीच इंची साटा डिस्क आहे की च्युइंगमच्या पट्टीएवढी एम-टू आहे, ते आधी बघा. एम-टूमध्येही साटा आणि एनव्हीएमई असे जोडणीचे दोन प्रकार असतात. खाच सारखीच दिसली तरी एकाच्या जागी दुसरी चालेलच असं नाही.

मग विंडोज. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून घ्यायचं, ८ जीबीचा पेनड्राइव्ह लावायचा (त्यातलं सगळं पुसलं जातं, आधी बघून घे) आणि त्यावरून लॅपटॉप सुरू करायचा. मी तयारीनं वही-पेन घेऊन बसलो होतो, म्हटलं आता 'प्रॉडक्ट की' (लायसन्सचा नंबर) विचारील, आवृत्ती विचारील. काहीच विचारलं नाही. सरळ 'होम सिंगल लँग्वेज' (होमचाच एक प्रकार) बसवायला घेतलं. वायफाय जोडलं, सेटिंग्जमध्ये अॅक्टिव्हेशन उघडलं, तर तिथं लिहिलेलं की डिजिटल लायसन्सनं विंडोज अॅक्टिव्हेट झालंय. एक पैसा नाही, एक फोन नाही.

हे कसं होतं? विंडोज सेव्हनच्या काळात लॅपटॉपच्या पोटाला पंचवीस अक्षरांची की छापलेलं स्टिकर असायचं. मांडीवर घासून घासून ते वाचता येईनासं व्हायचं, तुझ्या जुन्या लॅपटॉपचं तसंच झालं होतं. २०१२ ला विंडोज एट आलं आणि कंपन्या ती की मदरबोर्डवरच्या (आतल्या मुख्य पाटीवरच्या) फर्मवेअरमध्येच, म्हणजे तिच्यात कायम बसवलेल्या प्रोग्रॅममध्येच, लिहायला लागल्या. सेटअप ती तिथून वाचतं, आवृत्तीही तिच्यावरूनच ठरवतं. २०१५ ला टेन आलं त्याबरोबर आणखी एक सोय आली: तुमच्या यंत्राच्या हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदलेली राहते आणि इंटरनेट मिळालं की तिथं ताडून बघितली जाते. त्या ओळखीत वजन असतं ते मदरबोर्डला. डिस्क बदल, रॅम वाढव, ती ओळख मोडत नाही. मदरबोर्ड बदलला तर मात्र मोडते. त्यासाठी २०१६ पासून लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडता येतं, मग अॅक्टिव्हेशनच्या पानावरच्या ट्रबलशूटरमध्ये 'हल्लीच हार्डवेअर बदललंय' असं निवडून ते परत मागता येतं. तरी लॅपटॉपबरोबर आलेलं लायसन्स त्या यंत्रापुरतंच असतं, त्यामुळं मदरबोर्डच्या बाबतीत मी तुला छातीठोक शब्द देणार नाही. आपला प्रश्न डिस्कचाय.

आमच्या धंद्यात याच्या उलट होतं बघ. पूर्वी मराठी लिपीच्या सॉफ्टवेअरला कॉम्प्युटरच्या मागं डोंगल (किल्लीसारखी छोटी डबी) लावावं लागायचं, ते हरवलं की अख्खं दुकान मुकं. त्या मानानं विंडोज सोशिक निघालं.

पण अॅक्टिव्हेट झालं म्हणजे संपलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिली पत्रिका उघडली तर 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविरामांचा चिवडा. जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजीच्या घरात बसवलेली असतात. तो फॉन्टच नसला की मूळ घरमालक बाहेर येतो. वाचवलेल्या डाटामधला विंडोजचा फॉन्ट फोल्डर कामी आला, नाहीतर नवऱ्या मुलीच्या बापाला काय दाखवलं असतं? कन्नडचा नुडी फॉन्टही त्यातूनच परत बसवला. आणि ज्यांचा मजकूर मंगल फॉन्टमध्ये असतो त्यांनी ऐकावं: टेनमध्ये मंगल आपसूक येत नाही, ऑप्शनल फीचर्समधून देवनागरीचे जादा फॉन्ट घ्यावे लागतात. कन्नडच्या तुंगा फॉन्टचंही तसंच. वहिनी शिकवण्यांच्या प्रश्नपत्रिका कशात करतात ते विचारून ठेव.

टेन की इलेव्हन, हे तू विचारलंस. टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझं यंत्र इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरचं, इलेव्हनला अधिकृतपणे आठवी लागते आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं. म्हणून मी टेनवरच राहिलो आणि मायक्रोसॉफ्ट खात्यानं नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे सुरक्षा अपडेट घेतले. पुढचं पुढं बघू. वहिनींचं यंत्र नवं आहे, त्यांनी सरळ इलेव्हन टाकावं. टेन होमचं लायसन्स इलेव्हन होमला चालतं.

एक गोष्ट मात्र दुकानात जायच्या आधी कर. नव्या लॅपटॉपांत डिस्क बऱ्याचदा एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद, असते. तशी असली तर केसिंगमध्ये घालून लावली तरी ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागेल. ती बहुतेक वहिनींच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, मोबाईलवरूनही बघता येते. पासवर्ड आठवत नसेल तर तो आत्ताच शोधायला बसवा. आणि वॉरंटीचं बिल सापडतंय का बघ. मुदत उरली असेल तर ही सगळी उठाठेव कंपनीच्या गळ्यात. फक्त डिस्क त्यांच्या हवाली करण्याआधी डाटा काढून घे, ते जुनी डिस्क सहसा परत देत नाहीत.

तोवर काही विकत घेऊ नकोस. लॅपटॉपच्या खालच्या बाजूचा आणि झाकण उघडता आलं तर डिस्कवरच्या लेबलाचा फोटो मला पाठव, कुठली एसएसडी घ्यायची ते त्यावरून सांगतो. रात्री नवानंतर पाठव, दिवसा पत्रिकावाले मान वर करू देत नाहीत.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
शहापूरचा