स्टँटनच्या आजींना

स्टँटनच्या आजी,

नाव कुठे छापायचं नाही असं तुम्हीच बजावलंत, म्हणून आजी.

नवऱ्याच्या घराण्याचा मूळ पुरुष आयर्लंडच्या उत्तरेकडल्या अल्स्टरमधून अमेरिकेत, व्हर्जिनियात आला, एवढंच सासऱ्यांना ठाऊक होतं. स्टँटनच्या वाचनालयात तुमच्याकडे येण्याआधी आम्ही पैसे घेऊन वंशावळ करून देणाऱ्या एकाला गाठलं होतं. त्याने चामडी बांधणीचं बाड दिलं. वर ढाल-तलवारीचं कुलचिन्ह, आत मूळ पुरुषाचा अल्स्टरमधल्या अँट्रिमचा जन्म, तारखेसकट! सासरे खूश. तुम्ही बाड चाळलंत, चष्मा काढलात आणि विचारलंत, "ही तारीख आणली कुठून?" एवढ्या जुन्या नोंदवह्या तिकडच्या बहुतेक प्रेस्बिटेरियन (त्यांच्या प्रोटेस्टंट पंथाच्या) चर्चांकडे उरलेल्याच नाहीत. डब्लिनच्या दफ्तरखान्यात होतं त्यातलं बरंचसं १९२२च्या आगीत गेलं. शिवाय त्या गृहस्थाने एकाच नावाच्या दोघांचा एक करून टाकला होता. त्याच्या हिशेबाने आमच्या मूळ पुरुषाला मेल्यावर सहा वर्षांनी मुलगा झाला.

खरा माणूस तुम्ही शोधलात, तोही ऑरेंज काउंटीत, म्हणजे दुसऱ्याच जिल्ह्यात. स्टँटनभोवतीची ऑगस्टा काउंटी १७३८ साली कागदावर झाली, पण तिचं कोर्ट बसलं १७४५ला. तोवर लोक ऑरेंजला जात. तिथे १७४०ची शपथ सापडली: बायकापोरांसह, स्वखर्चाने, आयर्लंडहून फिलाडेल्फिया आणि तिथून या वसाहतीत. माणशी पन्नास एकरांच्या हक्कासाठी घेतलेली शपथ ती, पण वाचताना सासऱ्यांचा आवाज कापला.

मला मात्र लक्षात राहिलं ते वेगळंच. त्या बाडात माझ्या लेकीच्या वडिलांकडच्या नऊ पिढ्या होत्या आणि आईच्या बाजूला एकच शब्द: इंडिया. तुम्ही कोरा कागद घेतलात, पेन्सिलीला टोक केलंत आणि मला म्हणालात, "आता तुझी माणसं सांग. सावकाश."

आईच्या आईपाशी गाडी अडली. तिचं माहेरचं नाव मला येईना. आमच्या कुलवृत्तांतात ती सासरच्या नावानेच आहे. (आम्हीही काही कमी नाही.) बाहेर पार्किंगमध्ये जाऊन चिपळूणला फोन लावला. तिकडे रात्रीचे अडीच. आई दचकून उठली, "कोण गेलं?"

परत आले तर वाचनालय बंद व्हायची वेळ, अर्धे दिवे मालवलेले आणि तुम्ही कोट घालून तशाच बसलेल्या, पेन्सिल हातात. नाव दोनदा म्हणवून घेतलंत, लिहिलंत, मग कागद माझ्याकडे सरकवलात: "तुमच्या लिपीतही लिही." पैसे विचारले तर झेरॉक्सच्या सुट्ट्या नाण्यांचा डबा दाखवलात. अशी माणसं असतात म्हणून परक्या गावात जीव रमतो, आजी.

कागदाचा फोटो आईला पाठवला. ती म्हणते, "वेलांटी चुकलीय तुझी." पुढच्या महिन्यात येतोय. खोडरबर घेऊन येते.

तुमची,
चिपळूणची नातसून