पहाटेचं दुखणं

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर सहज बोलून गेलीस, "आई, हल्ली पहाटे डोकं दुखूनच जाग येते, उलटीही होते," आणि लगेच ऑफिसचं सांगायला लागलीस. मी तिथेच अडकले.

अर्धशिशी आपल्याकडे आहेच. माझ्या आईला होती, मला आहे, तुला दहावीपासून. एका बाजूला ठणकतं, उजेड नको वाटतो, अंधारात पडलं की उतरतं. ते ओळखीचं आहे गं. पण तुझं दुखणं बदललंय. आडवं झाल्यावर वाढतं का? खोकलीस, वाकलीस की कळ येते का?

नंदाकाकूचं सहा महिने सगळे पित्तच म्हणत होते. मीही आवळासुपारी देत राहिले. चष्म्याचा नंबर काढायला गेली, डॉक्टरांनी थेंब घालून डोळ्याचा पडदा पाहिला, तर मागच्या नसेला सूज. डोक्यातला दाब वाढलेला. त्याच संध्याकाळी एमआरआय झाला. काकू वाचली, पण नजर गेली ती गेलीच. गणपतीत मोदकाचं तोंड ती बोटांनी चाचपून मिटते. मला तिकडे बघवत नाही.

गोळ्या किती घेतेस, खरं सांग. महिन्यातले पंधरा दिवस साधी वेदनाशामक गोळी तीनेक महिने चालली, तर गोळीनेच डोकं दुखायला लागतं. अर्धशिशीच्या खास गोळ्यांना दहाच दिवस पुरतात. तारखा लिहून ठेव. आणि एकाचे दोन दिसले, जीभ अडखळली, हातपाय लुळा पडला, तापात मान आखडली, किंवा मिनिटाभरात कधी नव्हे इतकं जोरात दुखलं, तर मलाही फोन करत बसू नकोस. आधी १०८.

बघ, भाषण झालंच. द्यायचं नाही असं ठरवून बसले होते. रागावू नकोस. बहुतेकांची डोकेदुखी साधीच निघते, हे मलाही ठाऊक आहे. तू स्वतःच्या पगारातून फ्रिज घेतलास, तेव्हा बाबांनी तो फोटो अख्ख्या गल्लीला दाखवला. तू सगळं निभावतेस. हेही निभावून नेशील, याचीच धास्ती वाटते.

पडदा तपासून घे, मेंदूविकार तज्ज्ञांनाही दाखव. थेंबांनी काही तास धूसर दिसतं, गाडी चालवू नकोस. मी शुक्रवारी कोयनेने येतेच आहे, नको म्हणू नकोस. आज पहाटे कसं होतं, तेवढं कळव.

तुझी,
आई