पार्सलच्या खिडकीवरच्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

मातीची भांडी, दागिने, विणलेली वस्त्रं, चित्रं असं काहीबाही एकट्यादुकट्याने करून परदेशी पाठवणारे आम्ही कारागीर. तुम्ही शिकवलेलं या वाटेला नव्याने लागणाऱ्यांनाही कळावं, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत.

पहिले आभार कस्टमच्या फॉर्मवरचा 'हॅंडिक्राफ्ट' हा शब्द खोडल्याबद्दल. त्या शब्दावरून कस्टमवाल्याला काहीच कळत नाही आणि पार्सल बाजूला पडतं. वस्तू काय, कशाची, किती नग, हे लिहायचं: 'हाताने विणलेला स्टोल, १०० टक्के सुती, १ नग'. एचएस कोडचं, म्हणजे मालाचा प्रकार सांगणाऱ्या जकातीच्या आकड्याचंही तसंच. त्याचे पहिले सहा आकडे बहुतेक सगळ्या देशांत सारखे असतात, पुढचे ज्या त्या देशाचे. पोर्सेलिन नसलेला मातीचा कप ६९१२ मध्ये जातो, तर त्याच मातीची शोभेची मूर्ती ६९१३ मध्ये. हाताने रंगवलेलं मूळ चित्र ९७०१, त्याची छापील प्रत ४९११. कोड चुकला की जकातीचा दर बदलतो.

दुसरी गोष्ट तुम्ही कधीच चालू दिली नाही: किंमत कमी दाखवणं, किंवा विकलेल्या मालावर 'भेट' अशी खूण करणं. ग्राहक गोड बोलून तसं मागतात. पण बिल आणि प्रत्यक्ष आलेले पैसे जुळले नाहीत तर दंड होऊ शकतो, माल जप्तही होऊ शकतो. शिवाय पार्सल हरवलं तर भरपाई दाखवलेल्या किमतीच्या वर मिळत नाही. तुमची ही हट्टी सचोटी आम्हांला सगळ्यांत मोलाची वाटते.

आणि ती मोजपट्टी! कपांचा संच अडीच किलोचा, खोका ४० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरचा. कुरिअरवाले बहुधा या तिन्हींच्या गुणाकाराला ५,००० ने भागतात: ७.२ किलो. भाडं खरं वजन आणि हा आकडा, यांतल्या मोठ्यावर. तोच संच ३० बाय २५ बाय २० च्या खोक्यात बसवला की हिशेब ३ किलोवर येतो. कागद कोंबून खोक्याचं पोट फुगलं असेल तर माप त्या फुगवट्यापाशी धरतात, हे तुम्ही बोटाने दाबून दाखवायचात. मात्र जागा वाचवायला कपाभोवतीचं गादीसारखं वेष्टन कापायचं नाही, कप एकात एक घालायचे नाहीत. कान आधी तुटतात. चित्राच्या चौकटीला कच्च्या लाकडाच्या पट्ट्या ठोकल्या, तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवल्याचा शिक्का बहुतेक देश मागतात. प्लायवूडला तो लागत नाही.

जकात कोण भरणार, हे विक्रीआधीच ग्राहकाला लेखी कळवा, असं तुम्ही बजावलंत. दारात अनपेक्षित बिल आलं की लोक पार्सल नाकारतात, आणि परतीचं भाडं आपल्याच माथी येतं. माल आपलाच परत आला आहे हे दाखवायला पाठवतानाची कागदपत्रं जपावी लागतात, नाहीतर स्वतःच्याच वस्तूवर जकात भरायची वेळ येते. युरोपीय संघात १ जुलै २०२१ पासून छोट्या पार्सलांची व्हॅटमाफी गेली. १५० युरोपर्यंतच्या मालाचा व्हॅट विक्रीच्या वेळीच घेतला असेल, तर आयओएसएस क्रमांक (असा व्हॅट भरण्यासाठीच्या संघाच्या योजनेतला नोंदणी क्रमांक) पार्सलच्या इलेक्ट्रॉनिक माहितीत भरावा लागतो. नुसता खोक्यावर लिहिला, तर ग्राहकाकडून तोच कर दुसऱ्यांदा मागितला जातो. तिथेच १३ डिसेंबर २०२४ पासून वस्तूच्या सुरक्षिततेबद्दल उत्तर देणाऱ्या, संघातल्या जबाबदार व्यक्तीचं नाव-पत्ता वस्तूवर किंवा वेष्टनावर लागतो. एकट्या कारागिराला हे सगळ्यांत जड जातं, आणि त्यावर सोपा उपाय नाही हेही तुम्ही लपवलं नाहीत.

खिडकीच्या काचेवरचा तुमच्या अक्षरातला कागद आता पिवळा पडला आहे. त्यावरची अमेरिकेच्या ८०० डॉलरच्या जकातमाफीची ओळ २९ ऑगस्ट २०२५ पासून लागू नाही. ती वगळून सगळा कागद मोठ्या अक्षरात लिहून सोबत जोडला आहे. जागा तीच ठेवा, मोजपट्टीच्या वर.

आपले कृतज्ञ,
रांगेतले कारागीर