सनईवाल्यांना वाजवू तरी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या लग्नसराई पुरवणीतला लग्नातल्या संगीताचा लेख वाचला आणि दिवसभर डोकं शांत झालं नाही. आज सकाळी अंघोळ उरकून आधी हे पत्र लिहायला बसलो आहे. लेखात नवरीच्या एन्ट्रीला कसलं गाणं घ्यावं, हळदीला कसलं, 'संगीत'साठी कोरिओग्राफर कधी ठरवावा, सगळं सविस्तर दिलं आहे. सनईच्या वाट्याला मात्र एकच सूचना: पारंपरिक टच हवा असेल तर प्रवेशद्वाराशी सनई-चौघडा बसवावा, फोटो छान येतात. हे छापण्याआधी तुमच्या कार्यालयात कुणालाच खटकलं नाही का?

मला ते इतकं का लागलं, ते सांगतो. माझ्या भाचीचं लग्न यंदा सांगलीत झालं. वाजंत्री ठरवायचं काम मामा म्हणून मी मागून घेतलं. बहिणीच्या लग्नात आमच्या वडिलांनी ज्या घरातले वाजंत्री आणले होते, त्याच घरातले मी आणले. एक सनई, एक सूर धरणारा, एक संबळ. सनईवाले सत्तरीच्या पुढचे. सकाळी लवकर हॉलवर आले, चहासुद्धा नंतर म्हणाले, कोपऱ्यात बसून आधी सनईची पत्ती ओली केली. देवकाच्या वेळी त्यांनी जे वाजवलं, ते ऐकायला माझी बहीण हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली. व्याही मंडळींतले दोन-तीन वयस्कर लोक खुर्च्या उचलून जवळ येऊन बसले. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

हे सुख अर्धा तास टिकलं. मग हॉलच्या साउंडवाल्याचं टेस्टिंग सुरू झालं. सनई चालू आहे हे दिसत असताना त्यानं स्पीकर लावले. ज्यांनी कधी सूर धरला आहे त्यांना विचारा, वेगळ्या पट्टीतलं गाणं कानाशी आदळत असताना सनई वाजवणं काय असतं. ती काही हार्मोनियम नव्हे, की पट्टी बदलली आणि पुढे चाललो. त्यात सूर धरणाऱ्याला श्वास न तोडता एकच स्वर सांभाळायचा असतो. तो बिचारा घामाघूम झाला. शेवटी इव्हेंटवाल्यांचा एक मुलगा आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही गेटवर बसा, इथं डेकोरेशनमध्ये येतंय."

गेटवर बसवलं. तिथं व्हिडिओवाला आला. त्यानं सनई तोंडाला लावून नुसती बोटं हलवायला सांगितली. आवाज नको, व्हिडिओवर ट्रॅक टाकणार आहे, असं त्याचं म्हणणं. साहेब, त्या माणसानं लहानपणापासून दुसरं काही केलं नाही. त्याला सनई हातात देऊन वाजवल्याचं सोंग करायला सांगितलं, आणि त्यानंही भांडण नको म्हणून ते केलं. मी ते पाहिलं. तुमच्या लेखातला 'छान फोटो' असा निघतो.

आता मुहूर्ताचं. मंगलाष्टकातच वाजंत्र्यांना बजावलेलं असतं की फार गलबला करू नका. ती शांतता कशासाठी, तर शेवटचं कडवं संपून अंतरपाट दूर झाला की संबळावर पहिला ठोका पडावा, सनईनं वरचा सूर घ्यावा, आणि मांडवात शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही लग्न लागल्याचं कळावं. त्या क्षणासाठीच वाजंत्री असतात. बाकी दिवसभराचं वाजवणं त्याच्यापुढे दुय्यम. मी त्यांना गेटवरून उठवून मांडवाच्या डाव्या अंगाला बसवून घेतलं होतं. अंतरपाट सरला, अक्षता पडल्या, आणि त्याच सेकंदाला साउंडवाल्यानं गाणं सोडलं. बाजूनं थंड फटाक्यांचे फवारे. संबळवाल्याचे हात चालताना दिसत होते, आवाज शून्य. मी भाचीच्या मागे उभा, जागा सोडता येईना. सनईवाल्यांनी दोन-तीनदा सूर लावून पाहिला आणि सनई खाली घेतली. जेवायला गेले तर केटररचा माणूस म्हणतो, स्टाफचं जेवण शेवटी. तेव्हा मात्र मी आवाज चढवला आणि तिघांना माझ्या शेजारी पंगतीला बसवलं.

तुमच्या लेखिकेनं असंही लिहिलं आहे की प्रत्यक्ष वादनामुळे कार्यक्रम लांबतो. आमच्याकडे मुहूर्त टळला तो नवरीची एन्ट्री दोनदा घ्यावी लागल्यामुळे. पहिल्यांदा धूर कमी पडला म्हणे. सनईमुळे मुहूर्त टळलेलं लग्न मी तरी पाहिलेलं नाही. आणि खर्चाचं म्हणाल तर तिघा वाजंत्र्यांची बिदागी त्या फवाऱ्यांच्या बिलाहून कमी होती.

गैरसमज नको. मला गाण्यांचं, नाचाचं वावडं नाही. आदल्या रात्री भाचीच्या मैत्रिणी नाचल्या, मीही टाळ्या वाजवल्या. हलगी, बेंजो, ब्रास बँड, मिरवणुकीत सगळं शोभतं. पोरांना नाचायला ज्यावर पाय थिरकतील तेच हवं. माझं म्हणणं एवढंच की ज्याला वाजवायला बोलावलं, त्याला वाजवायचा वेळ आणि जागा आधी ठरवून द्या. हॉल बुक करतानाच विचारा की साउंड त्यांचाच घ्यावा लागतो का, आणि तो बंद करायला कोणाला सांगायचं. मंगलाष्टकांपासून मंगळसूत्र बांधून होईपर्यंत स्पीकर बंद, हे पत्रिका छापायच्या आधी दोन्हीकडच्या मंडळींनी ठरवावं. वाजंत्री मांडवाजवळ बसवावेत. एसी हॉल असला तरी सनईला माइक लागत नाही. हे तुमच्या पुरवणीत दोन ओळींत मावलं असतं.

दुसऱ्या कुठल्या गावच्या पेपरनं असं लिहिलं असतं तर मी पान उलटलं असतं. पण तुम्ही सांगली-मिरजेत छापता. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ या मिरजेत राहिले, 1937 साली गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ आजही दर्ग्याच्या उरुसात गाण्याच्या बैठका होतात. सतारमेकर गल्लीत भोपळा कोरणारे, तारा जुळवणारे हात अजून काम करतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तुम्हीच कौतुकानं मोठी बातमी केली होती. आणि कालच्या पुरवणीच्या मुखपृष्ठावर काय, तर स्टेजच्या सजावटीत फुलांबरोबर खिळवलेली सतार! मानांकन मिळालेलं वाद्य भिंतीवर ठोकायचं आणि सनई गेटवर बसवायची, असंच शिकवणार का आपण लोकांना?

आता लिहायलाच बसलो आहे तर डॉल्बीचंही सांगतो. गणपतीच्या दिवसांत तुम्ही डॉल्बीविरुद्ध अग्रलेख लिहिता, ते मी कापून ठेवतो. कालच्या पुरवणीत मागच्या पानावर डॉल्बीवाल्यांची अर्धं पान जाहिरात आहे. लग्नाच्या वरातीतल्या डॉल्बीनं कान कमी दुखतात का? 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रुग्णालयापासून 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र धरलेलं आहे, तिथं दिवसा मर्यादा 50 डेसिबलची आणि रात्री 40ची. मिरजेत तर पावलापावलावर दवाखाने. चार जिल्ह्यांतले आणि कर्नाटकातले पेशंट इथं येऊन पडलेले असतात. लग्नसराईत त्यांच्या खिडक्यांखालून वराती जातात, रात्री 10 वाजून गेल्यावरसुद्धा. माझ्या मेहुण्याचं ऑपरेशन झालं त्या रात्री खिडकीच्या काचा हादरत होत्या, आणि नर्सबाई आम्हाला म्हणाल्या, कापूस देऊ का कानात घालायला. वरातीचा मार्ग आणि वेळ कशी ठरवावी, यावर तुमच्या लेखात चकार शब्द नाही.

माझी एक मागणी आहे आणि ती तुम्हाला सहज पुरी करता येईल. पुढची पुरवणी तुळशीच्या लग्नानंतर निघेल. तिच्यात एक पान आपल्या भागातल्या सनई, संबळ, चौघडा वाजवणाऱ्यांसाठी ठेवा. त्यांच्या संमतीनं नावं, गावं आणि फोन नंबर छापा, म्हणजे ज्यांना हवेत त्यांना शोधत फिरावं लागणार नाही. त्यांच्यापैकी एखाद्याला वार्ताहर पाठवून विचारा, लग्नात त्यांना काय लागतं. आमच्या सनईवाल्यांचा पत्ता मी द्यायला तयार आहे. मात्र फोटो काढायचा असेल तर आधी त्यांचं वाजवणं पूर्ण ऐका.

कळावे,
आपला जुना वाचक,
मिरज